तिसऱ्या हप्त्याचा मका

अमोनियम सल्फेटच्या पोत्यांसोबत मी अडीच वर्षं एका खोलीत झोपलो. कोरडं असेपर्यंत ते खत साखरेसारखं दिसतं, वास म्हणून नसतो. पण एकदा ओल धरली, ढेकळं झाली, गोणपाट चिकट झालं आणि चुलीतली राख वर उडून पडली, की असा उग्र भपकारा निघतो की डोळ्यांना धारा लागतात. माझ्या भाकरीला तो वास, अंथरुणाला तो वास. तुळजापूरला घरी गेलो की आई उंबऱ्यातच पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "आधी अंघोळ कर बाबा, मग देवघराकडं फिरक." आमच्या घरात पुजारीपण. सात पिढ्यांत कुणी खताला हात लावला नव्हता, तो मी लावला.

मी ग्रामसेवक होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लोहाऱ्यापासून दोन कोसावरच्या गावात मला नेमलं होतं. संकरित मक्याचं नवं बियाणं आलं होतं आणि ते सल्फेट घालून कसं पिकतं हे शेतकऱ्यांना डोळ्यांनी दाखवायचं, हे माझं काम. त्यासाठी रस्त्याकडेचं एक रान निवडलं, त्यात पाटी रोवली. रान ज्यांचं त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही म्हणायचो. साठीचे होते. मुलगा बार्शीला गिरणीत कामाला. घरी आबा, त्यांची सून आणि देवणी बैलांची एक जोडी. गोठ्याचं सगळं सून बघायची. वैरण, पाणी, शेणघाण, दावं सोडणं-बांधणं, सगळं. आबा कौतुकानं म्हणायचे, "बैल माझे नावाला. ओळखत्यात तिला."

आमच्या खात्यानं एक छापील तक्ता दिला होता. एकरी इतकं खत, तीन हप्त्यांत. पहिला पेरताना, दुसरा पीक गुडघ्याला आल्यावर, तिसरा तुरा पडायच्या आधी. बस. पाऊस किती, रान कसलं, हंगाम कुठला, तक्त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी तो तक्ता चावडीतल्या माझ्या खोलीत भिंतीला खिळ्यानं ठोकला होता. देवाची तसबीरसुद्धा मी इतकी सरळ लावली नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात काय मका आला म्हणून सांगू! पाऊस वेळेवर, उघाड वेळेवर. दुसऱ्या हप्त्यानंतर आठ दिवसांत पानं काळीशार झाली. माणूस आत शिरला तर दिसत नव्हता. अणदूरच्या खंडोबाला निघालेली माणसं बैलगाड्या थांबवून बघायची, कणीस चाचपायची. आबा शेताच्या बांधावर फेटा सावरत असे उभे राहायचे की जणू लग्नाचे वऱ्हाडीच आलेत. साहेब जीपमधून आले. साहेब म्हणजे माझे वरचे अधिकारी, तालुक्याचे. जीपमधून उतरले नाहीत, तिथूनच म्हणाले, "व्वा! बघा, तक्ता पाळला की असं होतं." मी फुगलो. लई फुगलो.

मग त्याच रानाच्या शेजारी, विहिरीखाली, हिवाळ्यात मका घेतला. तोच तक्ता, तेच तीन हप्ते. पौषातल्या थंडीत रोपं जागची हलेनात. खालची पानं शेंड्यापासून पिवळी पडत मधल्या शिरेनं आत वाळत गेली, म्हणजे पोटाला नत्र मिळत नाही याची ती खूण. खत तर घातलेलं, पण गारठ्यात मुळं ते उचलीनात. साहेब म्हणाले, "आणखी घाला." आणखी घातलं. माघात ऊन तापायला लागलं आणि मग एकदम सगळं वर आलं, तोवर कणसाची वेळ निघून गेली होती. नुसता पाला माजला.

तेव्हा आबांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, एक इचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा की."

"उन्हाळ्यात बैलाला जी वैरण घालतो, ती आमी पावसाळ्यात घालत न्हाय. थंडीत पेंड वाढवतो. काम नसलं की कमी करतो. मग ह्या मक्याला बारा महिने एकच खुराक कसा म्हणता?"

यावर मी काय बोललो असेन? "आबा, छापील आहे ते." असं म्हणालो! अठ्ठावीस वर्षांचा, नांगराला कधी हात न लावलेला मी, जन्मभर माती उकरलेल्या माणसाला म्हणालो की छापील आहे. आणि त्या भल्या माणसानं मान डोलावली. छापलेल्याला आमच्याकडं तेव्हा फार मान.

दुसरा पावसाळा उजाडला तो कोरडाच. पेरणीपुरता पडला, गुडघ्याएवढा मका होईतो रडतखडत पडला, आणि श्रावण लागला तसा गायब. आकाश धुतल्या परातीसारखं. भुई भेगाळली. मका कंबरेएवढा होऊन थांबला, दुपारी पानांच्या सुरळ्या व्हायच्या. विहिरीनं तळ गाठला होता, ज्याला प्यायला पाणी पुरत नाही तो मक्याला काय पाजणार? मी साहेबांना भेटून सांगितलं की तिसरा हप्ता थांबवू या, कोरड्यात घालून काय उपयोग. साहेब म्हणाले, "पोती शिल्लक राहिली तर वर काय सांगू? काम केलं नाही म्हणून? हिवाळ्यात जास्तीची आणलेली उरलीत, तीही त्यातच संपवा."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तो. पण शेळी तर मी होतो ना. मी गेलो, आणि दोन पाटीवाल्या बायका लावून त्या तडकलेल्या रानात तिसरा हप्ता आणि हिवाळ्याचा उरलेला, दोन्ही मिळून ओळींना घालून घेतला. पांढरे खडे भेगांत तसेच दिसत होते. आबा बांधावर बसून बघत होते.

पोळ्याला पाच-सहा दिवस राहिले आणि एक सर आली. एकच. रानाचा वरचा थर भिजला आणि संपली. पण त्या कंबरेएवढ्या मक्यानं रंग धरला! असा गर्द, काळपट हिरवा रंग मी आजवर दुसऱ्या कुठल्या पिकाचा पाहिला नाही. उंची तेवढीच, तुरा नाही, कणीस नाही, पण पानं तेलकट चमकायला लागली. आज मला कळतं की त्या मुळांनी दोन हंगामांचं खत एका दमात ओढून घेतलं होतं आणि ते पचवायला वर ताकद नव्हती. तेव्हा मला वाटलं, चला, जरा तरी तरतरी आली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी साहेब जीपमधून आले. म्हणाले, "पोळ्यानंतर वरचे साहेब ह्या रस्त्यानं जाणार आहेत. ही खुजी झुडपं पाटीसकट त्यांना दाखवणार का? पाटी उपटा. मका कापून टाका. ढोरांना घाला, काहीही करा."

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. आबा बाजाराला गेले होते, बैलांसाठी गोंडे आणि शिंगांचा हिंगूळ आणायला. सून गोठा सारवत होती. मी म्हणालो, "मका कापून घ्या. बैलांना घाला."

ती विळा घेऊन उठली आणि मग थांबली. म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यो लईच काळा दिसतोय. काई व्हणार न्हाय नव्हं?"

आमच्या भागात शेंबडं पोरही एक गोष्ट जाणतं: पावसानं ताण दिला की कोवळी ज्वारी ढोराला विषासारखी लागते. किराळ म्हणतात त्याला. म्हणून अशा दिवसांत बैल ज्वारीच्या रानाकडं फिरकू देत नाहीत. पण मका? मक्यानं ढोर मेल्याचं कुणाच्या आज्यापणज्यानंही ऐकलं नव्हतं. मका म्हणजे साधंभोळं पीक. त्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि तिचाही होता. तरीसुद्धा तिनं विचारलं. डोळ्याला दिसलं म्हणून विचारलं.

आणि मला? मला प्रशिक्षणात एका मास्तरांनी सांगितलं होतं की फार खत घातलेली हिरवी वैरण कोरड्या दिवसांत जनावराला जपून घाला, मका असो की काही असो. ते वाक्य माझ्या वहीत होतं. मला ते त्या क्षणी आठवलं का? आठवलं. ओझरतं, डास कानाशी यावा तसं आठवलं, आणि मी ते हाकललं. रस्त्यावरचं रान मोकळं व्हायला हवं होतं मला. मी म्हणालो, "बिनघोर घाला. मका आहे, ज्वारी थोडीच आहे?"

तिनं मका कापला. अर्धा गोठ्यात आणला, अर्धा रानातच पसरून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकून हळद आणि लोणी चोळतात, आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ते आवतण त्या घरात सूनच द्यायची. दुपारी तिनं दोघांना आवतण दिलं आणि मग लाडानं पुढं मका टाकला. डावा बैल खादाड, त्यानं उजव्याच्या वाट्याचंही ओढलं. ऊन उतरायच्या आत तो धापा टाकायला लागला. पाय लटपटले. तोंडाला फेस, हिरड्या मातकट निळ्या. सून त्याच्या गळ्याला मिठी मारून ओरडत होती, आबा चिंचेचं पाणी पाजत होते, कुणी गूळ आणला, कुणी ताक. दिवस मावळायच्या आत बैल आडवा झाला. त्याच्या खांद्यावरची हळद अजून ओली होती.

गोठ्यात जमलेलं सगळं गाव एका सुरात बोललं: किराळ लागलं. हिरवं खाल्लं, फेस आला, मेला, म्हणजे ज्वारी. दुसरं असणारच नाही. आणि किराळ लागलं म्हणजे बैल सुटून कुणाच्या तरी ज्वारीत शिरला. आणि बैल सुटला म्हणजे दावं नीट बांधलं नाही. आणि दावं कोण बांधतं?

सगळ्यांच्या माना सुनेकडं वळल्या.

"म्या सोडलाच न्हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं दावणीला हाय. मक्याबिगर काई खाल्लं न्हाय त्यानं."

"मक्यानं ढोर मरतंय व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि काही जण चक्क हसले.

मेलेलं ढोर ओढून कातडं काढायचं काम गावात बहुतेकांनी टाकून दिलं होतं, आणि बरं केलं होतं. एकच म्हातारा उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन पोळ्याला, त्यानं गावाबाहेर बैलाचं कातडं सोललं. मी पंचनाम्याचे कागद घेऊन तिथं उभा होतो. त्यानं सुरी पुसली आणि मला जवळ बोलावलं. "भाऊसाहेब, किराळाची ढोरं म्या लई फाडलीत. त्यांचं रगत लालभडक असतंय. हे बघा." मी बघितलं. काकवीसारखं, तपकिरी, काळपट. माश्यासुद्धा तिथं बसायला कचरत होत्या असं मला वाटलं. तो म्हणाला, "ही जवारी न्हवं. हे दुसरंच हाय. लिवा तुमी."

मी बाजूला जाऊन ओकलो. तोंड पुसून चावडीत आलो, आणि लिहिलं: ज्वारी खाल्ल्याने विषबाधा. साहेबांना खतामुळं बैल मेल्याचा कागद नको होता, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. इतका मी तयार झालो होतो. थू!

त्या दिवशी गावात बैल सजले, वेशीतून मिरवले. आबांचा उजवा बैल गोठ्यातच राहिला. आबांनी आणलेले गोंडे कागदाच्या पुडीत तसेच. आणि सुनेचं म्हणाल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कुणी अंगावर हात टाकला नाही. आबा तसे नव्हते. त्यांनी एवढंच केलं की गोठ्याची कामं तिच्याकडून काढून घेतली. उजव्या बैलाला पाणी ते स्वतः पाजायला लागले. ती पाण्याची बादली घेऊन आली की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." बायका पाणवठ्यावर तिला बघून कुजबुजायच्या की खांदेमळणीच्या दिवशी बैल मारला हिनं. नवऱ्याला बार्शीला निरोप गेला होता. तो येऊन काय म्हणेल, ठेवील की माहेरी धाडील, याची वाट ती बघत होती.

ती चावडीवर आली. बाई माणूस एकटी चावडीवर येणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "भाऊसाहेब, तुमीच म्हनलाव, बिनघोर घाला. तेवढं आबांना सांगा. बैल सुटला नव्हता एवढं सांगा. दुसरं काई नको मला."

मी म्हणालो, "पंचनामा झालाय, बाई. आता काही होत नाही."

"कागदाचं म्हणत न्हाय म्या. आबांना तोंडानं सांगा."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत बसलो. ती वळून गेली.

दोन दिवसांनी सकाळी ती आपली शेळी घेऊन वेशीजवळच्या पिंपळाखाली आली. ती शेळी तिची स्वतःची होती, माहेरून लग्नात आलेल्या शेळीची पाट, तिचीच लेक. गाभण होती. आदल्या दिवसापासून तिनं शेळी उपाशी ठेवली होती. डोक्यावर मक्याचा भारा होता, रानात पसरून ठेवलेल्यातला, सुकून मलूल झालेला. पारावर आबा होते, चार-सहा जाणती माणसं होती, पाणी भरून चाललेल्या बायका थांबल्या. मी चावडीच्या पायरीवर होतो, दहा पावलांवर.

तिनं भारा खाली टाकला. म्हणाली, "जवारी वाळली की इख जातं, हे तुमाला समद्यांना ठावं हाय. ह्यो तर मका हाय, आन् चार-पाच दिस वाळलेला हाय. जवारीनं बैल मेला असंल तर माझ्या शेळीला काई व्हणार न्हाय. बघा."

आबा म्हणाले, "येडी झालीस का? गाभण हाय ती."

"तुमी बोलू नका, आबा. बघा निस्तं."

तिनं दावं सैल केलं. शेळी पुढं झाली. मला ठाऊक होतं काय होणार ते. तिच्याखेरीज त्या गर्दीत ते एकट्या मलाच ठाऊक होतं. मी पायरीवरून उतरलो, चार पावलं गेलो, हात पुढं झाला, तो दावं धरायलाच झाला होता. एक वाक्य बोलायचं होतं: थांबवा, मक्यानंच मेला बैल, चूक माझी आहे. एवढंच. पारावरच्या एकानं माझ्याकडं बघून विचारलं, "काय भाऊसाहेब?" आणि मी म्हणालो, "काही नाही."

शेळी भुकेली होती, भराभर खात सुटली. लोक गप्पा मारू लागले. कुणीतरी पानसुपारीची चंची सोडली. सून शेळीपाशी मांडी घालून बसली, तिच्या फुगीर पोटावरून हात फिरवत. ऊन पारावरून खाली उतरलं तेव्हा शेळीनं खाणं थांबवलं. मग तिची कूस वर-खाली व्हायला लागली, जोरजोरात. मग गुडघे टेकले. ती एकदा ओरडली, माणसासारखी, आणि बाईच्या मांडीवर मान टाकून पाय झाडत राहिली. पोटातलं पिल्लू आतून हललेलं मी दहा पावलांवरून पाहिलं. मग तेही थांबलं.

आबा उठले. काठी न घेताच उतरले, सुनेजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं, बाय. उद्यापासनं गोठा तुझा." बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. पाणवठ्यावर कुजबुजणाऱ्या त्याच बायका.

तिनं आबांना नमस्कार केला. शेळीचं डोकं मांडीवरून उचलून हळूच मातीत ठेवलं, आणि मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुमचा हात पुढं आलता. म्या बघितला. मग दावं का न्हाय धरलं?"

मी हात खिशात घातला.